उरलेली कातडी: वेरूळच्या लेण्यांपासून पुण्याच्या नाकापर्यंत

हा आपल्या ताज्या भागाचा लिहून काढलेला मजकूर. ऐकायला वेळ होत नाही, वाचायला मात्र आवडतं, असं सांगणारे तुमच्यात बरेच आहेत, त्यांच्यासाठी. बोलताना जे ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ सारखं येतं, ते थोडं कमी केलंय. सगळं काढलेलं नाही.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्यापासून करावी लागणार. त्याशिवाय मी या गोष्टीच्या मागे का लागलो ते कळणार नाही.

मी छत्रपती संभाजीनगरचा. काम सॉफ्टवेअरचं, म्हणजे बसून. कॉलेज संपलं तेव्हाच शंभरी पार झाली होती, आणि घरून काम सुरू झाल्यावर काटा १३८ किलोवर गेला. मग एक दिवस डोक्यात बसलं. आपल्याकडे तेव्हा घराघरात ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद चालायचा, आठवतं ना? डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं दिवसातून दोनदाच जेवा, ऋजुता दिवेकरांचं म्हणणं थोडं थोडं, वेळेवर आणि घरचं खा. आमच्या घरात आई दिवेकरांच्या बाजूची आणि बाबा दीक्षितांच्या. मी बाबांचं ऐकलं, कारण दोनदा जेवणं लक्षात ठेवायला सोपं. त्यासोबत चालणं. आधी कॉलनीतल्या कॉलनीत, मग औरंगाबाद लेणीच्या पायथ्यापर्यंत, आणि एका श्रावणात शनिवारच्या गर्दीसोबत रात्री निघून थेट खुलताबादच्या भद्रा मारुतीपर्यंत. अडीच वर्षांत काटा ७९ वर आला. ५९ किलो गेले.

कातडी मात्र गेली नाही.

पोटाची घडी खाली लोंबते. दंडाखाली, छातीवर, मांड्यांवर तीच गत. कपड्यात मी चांगला दिसतो, लोक कौतुक करतात, ‘ओळखलंच नाही रे तुला’ म्हणतात. कपडे काढले की मला मीच ओळखू येत नाही. मराठवाड्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये त्या घडीत घाम साचतो, कातडीवर कातडी घासते, लाल होतं, चिघळतं. डॉक्टरांचं मलम लावलं की पंधरा दिवस बरं, नंतर पुन्हा तेच.

आईचं म्हणणं, ‘एवढं वजन उतरवलंस, आता कातडीचं काय घेऊन बसलास?’ बरोबर आहे तिचं. मी पण स्वतःला तेच सांगत होतो.

मग घृष्णेश्वराचा प्रसंग घडला. वेरूळचं घृष्णेश्वर म्हणजे बारावं ज्योतिर्लिंग. आज दिसतं ते लाल दगडातलं देऊळ १८व्या शतकात होळकरांनी बांधलं, अहिल्याबाईंचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. त्याच्या आधी मालोजीराजे भोसल्यांनी जीर्णोद्धार केला होता. तिथला नियम असा, की गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांनी कंबरेच्या वर उघडं व्हायचं. शर्ट नाही, बनियन नाही. बाबांनी रांगेत शर्ट काढून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, ‘चल की.’ माझा हात वरच्या बटणापाशी गेला आणि तिथेच थांबला. मी म्हणालो, ‘तुम्ही जाऊन या, मी लेण्यांकडे जाऊन बसतो.’ बाबा काही बोलले नाहीत. ते आत गेले. मी तिथून चालत लेण्यांकडे गेलो आणि २१ नंबरच्या लेण्यात जाऊन बसलो.

एकवीस नंबरचं लेणं

वेरूळला येणारे बहुतेक जण १६ नंबर बघतात, म्हणजे कैलास. २१ नंबर, रामेश्वर, त्याच्या उत्तरेला थोडं पुढे आहे. हिंदू लेण्यांमधलं हे सगळ्यात जुन्यांपैकी एक, साधारण ६व्या शतकातलं. समोर उंच ओट्यावर नंदी. दाराशी मकरावर उभी असलेली गंगा, जिचा फोटो तुम्ही नक्की कुठेतरी पाहिला असणार. काय तो बांधा! दगड आहे हे विसरायला होतं. खालच्या पट्टीत आणि कोपऱ्यांत गण आहेत. ठेंगणे, ढेरपोटे, हसरे. पोट सुटलेलं आहे आणि त्याची त्यांना काडीची लाज नाही.

आत उजवीकडच्या दालनात गेलं की सप्तमातृका, नाचणारा शिव, आणि त्यांच्याजवळच काल आणि काली. हे दोघं म्हणजे हाडांचे सापळे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पोट पाठीला लागलेलं. १४ नंबरच्या लेण्यातही, ज्याला लोक रावण की खाई म्हणतात, सप्तमातृकांशेजारी असेच सापळे आहेत.

आपल्याकडे शिवगणांमध्ये भृंगीचीही गोष्ट आहे. तो फक्त शिवालाच प्रदक्षिणा घालायचा, पार्वतीला नाही. पार्वती रागावली आणि तिने त्याच्या अंगातलं रक्तमांस काढून घेतलं. उरली हाडं आणि वर कातडं. उभं राहता येईना, तेव्हा शिवाने त्याला तिसरा पाय दिला. मी आजवर ही गोष्ट अहंकाराची म्हणून ऐकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, अरे, याच्याही अंगावर कातडी उरलीच असेल की. तिचं काय झालं?

त्या दालनात मला भरलेलं शरीर दिसलं, ढेरपोटं शरीर दिसलं आणि सापळा दिसला. ढेरपोट्याचा बारीक झालेला माणूस काही सापडला नाही. घरी आलो आणि शोधायला लागलो की माणसांनी या उरलेल्या कातडीचं आजवर केलंय काय.

जुने वैद्य काय म्हणतात

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २१वा अध्याय निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांवर आहे. त्यात फार उंच, फार ठेंगू वगैरे येतात, पण चर्चा मुख्यतः दोघांची होते, अतिस्थूल आणि अतिकृश. चरक अतिस्थूल माणसाचं वर्णन करताना त्याचं पोट, छाती, नितंब हलतात असं सांगतो, आणि दोघांत कोण बरा, तर कृश बरा, असा निकालही देतो. उपचार सांगतो, आहार सांगतो. पण स्थूलाचा कृश झाल्यावर मागे काय उरतं, ही काळजी तिथे दिसत नाही. त्या काळात पन्नास-साठ किलो कमी करण्याची वेळ किती जणांवर येत असणार, हाही प्रश्नच आहे. पोटभर मिळणं हेच जिथे भाग्य, तिथे हे दुखणं दुर्मीळच.

सुश्रुताकडे मात्र कातडीचा विचार आहे. शारीरस्थानात तो त्वचेचे सात थर मोजतो. आणि सूत्रस्थानात तुटलेलं नाक कसं जोडायचं ते सांगतो. झाडाचं पान घेऊन नाकाचं माप काढायचं, तेवढी कातडी गालावरून सोडवायची, पण एका बाजूने गालाला जोडलेलीच ठेवायची, वळवून नाकावर बसवायची, श्वासासाठी नळ्या घालायच्या, वर ज्येष्ठमधासारख्या औषधांची पूड आणि तिळाचं तेल.

‘एका बाजूने जोडलेलीच ठेवायची’ हे नीट लक्षात ठेवा. आजचा सगळा भाग त्या एका सूचनेवर उभा आहे.

कावसजीचं नाक

आता पुण्याला जाऊ. साल १७९२. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, मराठे आणि निजाम असे तिघं मिळून लढत होते. इंग्रजांच्या सैन्याबरोबर एक बैलवाला होता, कावसजी. नाव ऐकून पारशी वाटतो, पण इंग्रजी वृत्तांतात तो शेतकरी जातीचा मराठा म्हणून येतो. तो टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला.

इथे थोडं थांबू. मराठीत ‘नाक कापलं गेलं’ म्हणजे काय, ते सांगायला नको. ‘कोणत्या नाकाने जाऊ’ आपण आजही म्हणतो. या शिक्षेने माणूस मरत नाही. तो जेवतो, चालतो, कष्ट करतो. शिक्षा ही, की आयुष्यभर समोरच्या माणसाने त्याच्याकडे बघावं.

कावसजी वर्षभराहून जास्त काळ तसाच राहिला. मग पुण्याजवळ एकाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा कोण होता? इंग्रजी वृत्तांतात लिहिलंय, विटा पाडणाऱ्या जातीचा माणूस. नाव लिहिलेलंच नाही. बैलवाल्याचं नाव राहिलं, शस्त्रक्रिया बघायला हजर असलेल्या मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांची नावं राहिली. ज्याच्या हातात वस्तरा होता, त्याचं नाव मात्र कोणी विचारलं नाही.

पद्धत अशी. मेणाची पातळ चकती करून ती नाकाच्या जागेवर हव्या त्या आकारात बसवायची. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधे एक बारीक पट्टी जोडलेली ठेवायची. कातडी त्या पट्टीवरच पीळ देऊन खाली वळवायची आणि नाकाच्या कडांना केलेल्या खाचेत बसवायची. वर पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. हो, विड्यातला कात! रोग्याला पाच-सहा दिवस उताणं झोपवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे त्या बुजत नाहीत. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती मधली पट्टी कापायची.

पंचवीस दिवस का थांबायचं? कारण कातडी म्हणजे कापड नव्हे. ती जिवंत आहे आणि तिला रक्त लागतं. नव्या जागी मुळं धरेपर्यंत जुन्या जागेवरून रक्त चालू ठेवायचं, आणि नवीन जोडणी पक्की झाली की जुनी तोडायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुना सर्व्हर बंद करण्याआधी नवा चालू करून काही दिवस दोन्ही सोबत चालवतो, तसंच. फरक एवढाच, की आमचं चुकलं तर रात्री दोनला फोन येतो. त्या विटा पाडणाऱ्याचं चुकलं असतं तर कपाळही गेलं असतं आणि नाकही. आणि हे सगळं भूल न देता. ईथरच्या भुलीचं जाहीर प्रात्यक्षिक झालं ते १८४६ मध्ये, अमेरिकेत.

कावसजीचं चित्र जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने काढलं. १७९१ मध्ये तो मुंबईला आला होता. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं त्यानेच काढली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये कावसजीची हकीकत चित्रासह छापून आली आणि युरोपातले डॉक्टर चकित झाले.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. हाच वेल्स वेरूळची लेणीही चितारत होता. पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याला लेण्यांचं वेड होतं. त्याच्यासाठी पुण्याच्या गंगाराम तांबट या आपल्या चित्रकारानेही वेरूळची चित्रं काढली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या वेरूळच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये चोवीस चित्रांचा संग्रह लंडनमध्ये काढला, आणि त्याच्या नावातच ‘औरंगाबादजवळचं वेरूळ’ असा उल्लेख आहे. म्हणजे मी ज्या डोंगरात तोंड लपवून बसलो होतो, तो डोंगर आणि कावसजीचं नाक, दोन्ही युरोपला एकाच माणसाच्या हाताने पोचलं.

पुढचं भराभर सांगतो. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने ती हकीकत वाचली, आधी मृतदेहांवर सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका सैनिकी अधिकाऱ्याचं नाक याच पद्धतीने केलं. १८१६ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफेने आपल्या पुस्तकाच्या नावात ‘प्लास्टिक’ हा शब्द आणला. हा ग्रीक शब्द आहे, अर्थ आकार देणं. बादलीच्या प्लास्टिकशी त्याचा संबंध नाही. बेकेलाइट हे पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक आलं तेच १९०७ मध्ये.

नाकापासून पोटापर्यंत

पोटाची जादा कातडी काढायची कल्पना फ्रान्समध्ये १८९०च्या सुमारास दिसते. १८९९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली या डॉक्टरने एका बाईच्या पोटावरची लोंबती चरबी आणि कातडी आडवी कापून काढली. काढलेल्या भागाचं वजन ७,४५० ग्रॅम. म्हणजे साडेसात किलोचं ओझं ती बाई पोटावर बांधल्यासारखं वागवत होती. तोवर भूल आलेली होती, लिस्टरमुळे १८६७ पासून जंतुनाशकंही आली होती. त्याशिवाय पोटावर एवढा मोठा छेद घेऊन माणूस वाचवणं अवघडच होतं.

सुरुवातीला बेंबीसुद्धा कापलेल्या भागासोबत जायची. १९५७ मध्ये व्हर्नन या सर्जनने बेंबी जागेवर ठेवून वरची कातडी खाली ओढायची आणि तिला बेंबीसाठी नवं भोक पाडायचं, ही रीत मांडली. १९६७ मध्ये ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी तीनशे रोग्यांचा अनुभव लिहिला. पितांगींबद्दल दोन वाक्यं जास्त बोलतो. १९६१ मध्ये त्यांच्याकडे निटेरॉय शहरात सर्कशीच्या तंबूला भयंकर आग लागली, शेकडो माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ. भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्यांत पितांगी होते. पुढे ते श्रीमंतांचे सर्जन म्हणून जगभर गाजले, पण रिओच्या धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठीही त्यांनी विभाग चालवला. आपलं शरीर आपल्याला बघवलं पाहिजे, हा हक्क गरिबालाही आहे असं ते मानायचे.

याच सुमारास, १९६६ मध्ये, अमेरिकेत आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी वजन कमी करण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया केली. तिथून पुढे जगात एक नवीन प्रकारचा माणूस तयार व्हायला लागला: पन्नास, साठ, शंभर किलो उतरलेला, आणि अंगावर आधीच्या मापाची कातडी असलेला. १९९०च्या दशकात अमेरिकेचे टेड लॉकवुड यांनी त्याच्यासाठी कंबरेभोवतीच्या छेदाची पद्धत बसवली. त्यांचं मर्म असं, की ताण वरच्या कातडीवर द्यायचा नाही, तिच्याखालच्या मजबूत पडद्याला टाके घालून ओढ त्याच्यावर द्यायची. त्याने व्रण रुंदावत नाही.

आपल्याकडे २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद उपचारांसाठी मुंबईला आली, तेव्हा रोज बातमी असायची की आज किती किलो कमी झाले. कातडीबद्दल मी तेव्हा काही वाचल्याचं आठवत नाही. ‘आधी आणि नंतर’ असे जोडफोटो आपण सगळेच बघतो. त्यातल्या ‘नंतर’मध्ये शर्ट असतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

कातडी परत का जात नाही

मी डॉक्टर नाही, पण जे नीट समजून घेतलं ते सांगतो. कातडीच्या मधल्या थरात कोलॅजेन आणि इलास्टिन असे दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजेन ताकद देतं, इलास्टिन ताणून परत जाणं. इलास्टिन शरीर मुख्यतः लहानपणीच तयार करतं, मोठेपणी फार कमी. कातडी वर्षानुवर्षं ताणलेली राहिली की हे तंतू तुटतात, विस्कटतात. जुन्या पायजम्याची नाडी बदलता येते, पण इलॅस्टिक सैल झालं की ते धुऊन, वाळवून परत घट्ट होत नाही. तसंच हे.

त्यामुळे दोन-चार हजारांच्या क्रीमने ही कातडी आवळत नाही. मी वापरून बघितलंय, पैसे गेले. व्यायामाने स्नायू वाढले तर दंड-मांड्यांना थोडा भराव येतो, तो खरा फायदा. वय कमी असेल आणि वजन थोडंच उतरलं असेल तर वर्ष-दीड वर्षात कातडी काही प्रमाणात जमून येते. पन्नास-साठ किलोंनंतर जी उरते ती उरते. तिला आवळून धरणारे घट्ट कपडे, घडी कोरडी ठेवणं, आंघोळीनंतर मऊ सुती कापडाने टिपून घेणं, चिघळलं की अंगावर न काढता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणं, हे रोजचं काम.

आणि शस्त्रक्रिया. मी शहरातल्या एका प्लास्टिक सर्जनना भेटलो. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. वजन किमान सहा महिने ते वर्षभर एका जागी स्थिर हवं. छेद या कंबरेपासून त्या कंबरेपर्यंत. व्रण जन्मभर राहणार, फक्त फिका होणार. काही दिवस नळ्या, काही आठवडे घट्ट पट्टा. मग त्यांनी विचारलं, ‘सिगारेट? तंबाखू?’ मी नाही म्हणालो. ते म्हणाले, ‘निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. ओढून आणलेल्या कातडीला रक्त पोचलं नाही तर ती काळी पडून मरते. तंबाखू चालू असेल तर मी हातच लावत नाही.’

मला त्या क्षणी कावसजीच्या दोन डोळ्यांमधली ती पट्टी आठवली. काय कापायचं ते रेघेने ठरतं, काय जगणार ते रक्त ठरवतं. दोनशेहून जास्त वर्षं झाली तरी हे बदललेलं नाही.

‘फक्त दिसण्यासाठी’

मग मी विमा कंपनीला विचारलं. कोणती ते सांगत नाही, कारण आपल्याकडच्या पॉलिसींत हे कलम जवळपास सारखंच असतं. रूप बदलण्यासाठीची प्लास्टिक सर्जरी मिळणार नाही. अपवाद तीन: अपघात, भाजणं, कॅन्सर. आणि चौथा, तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल तर. मी ते कलम कोड वाचतात तसं चार वेळा वाचलं. माझी चिघळणारी घडी थेट आहे, पण तातडीची नाही. उत्तर आलं, हा सौंदर्याचा भाग आहे, मंजूर नाही.

मी चिडलो. नंतर वाटलं, हा प्रश्न कंपनीने शोधलेला नाही. हा आईचाही प्रश्न आहे आणि माझाही होता. तब्येत चांगली आहे ना? मग दिसण्याचं काय?

कावसजीला हाच प्रश्न विचारून बघा. बाबा रे, नाकाशिवाय श्वास येतो, जेवता येतं, कंपनी सरकार पेन्शन देतंय, मग कपाळ कापून घ्यायची हौस कशाला? कोणी असं विचारलं तर आपल्यालाच ते निर्दय वाटेल. त्याला चारचौघांत जायचं होतं. त्यासाठी त्याने कपाळावर एक नवा व्रण स्वीकारला. ज्या शास्त्राला आज ‘फक्त दिसण्यासाठी’ म्हणून पॉलिसीतून बाहेर काढतात, ते शास्त्र युरोपात गाजलं तेच मुळी लोकांसमोर तोंड दाखवता यावं म्हणून केलेल्या एका कामामुळे. आणि ते काम आपल्या पुण्याजवळ झालं होतं.

याचा अर्थ प्रत्येकाने शस्त्रक्रिया करावी असं मी म्हणत नाही. तिच्यात धोके आहेत, खर्च मोठा आहे, आणि कित्येक जण त्या कातडीसकट मजेत जगतात. माझं म्हणणं एवढंच, की जो विचारतोय त्याला ‘एवढं उतरवलंस, आता हे काय’ असं म्हणून गप्प करू नका.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. पोटाची करणार, कारण तिथे दरवर्षी चिघळतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या दोन उन्हाळ्यांच्या नोंदी, फोटो आणि सर्जनची चिठ्ठी जोडून विम्याचा अर्ज पुन्हा टाकलाय. नाही झाला मंजूर, तर पैसे साठवून पुढच्या हिवाळ्यात. दंड आणि छाती आहे तशी राहू देणार.

शेवटचं सांगून थांबतो. मागच्या महिन्यात बाबांना घेऊन पुन्हा घृष्णेश्वराला गेलो. रांग मोठी होती. गाभाऱ्याच्या अलीकडे सगळ्यांनी शर्ट काढले, मीही काढला. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. मग आजूबाजूला बघितलं. माझ्या पुढे एक आजोबा होते, शेतकरी असावेत, मान आणि हात उन्हाने काळे पडलेले आणि पाठ गोरी, दंडाची कातडी माझ्यासारखीच लोंबणारी. त्यांच्या पुढे एक सुटलेल्या पोटाचे गृहस्थ. एकाच्या पोटावर ऑपरेशनची लांब उभी खूण. एक पोरगा इतका बारीक, की बरगड्या दिसत होत्या. २१ नंबरच्या लेण्यातले गण आणि सापळे जणू रांगेत उभे होते. माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष पुढे पिंडीकडे आणि मागून येणाऱ्या धक्क्याकडे.

बाहेर आल्यावर बाबांनी शर्ट घालता घालता विचारलं, ‘आज लेण्यात नाही जायचं?’

मी म्हणालो, ‘जाऊ की. तुम्हाला एक दालन दाखवायचंय.’

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात, मित्रांत कोणी यातून जात असेल तर त्यांना हा भाग पाठवा. वेरूळला गेलात तर कैलास बघून परत फिरू नका, २१ नंबरला पाच मिनिटं द्या. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.